हळदीतले बगळे

आमचे घरमालक दादू हवालदार रोज सकाळी बगळ्यांची हजेरी घेत. फौजेतून पेन्शनीत आलेला हा सडाफटिंग माणूस इस्त्रीची खाकी अर्धी चड्डी घालून उसाच्या बांधावर जायचा. पाटाचं पाणी सरीत शिरलं की किडे वर येत आणि किड्यांमागून बगळे. "अठ्ठावीस हाजर, एक गैरहाजर!" आष्ट्याजवळच्या त्या गावात मी मास्तरकी करत होतो. भाडेकरू असल्यामुळे हे सगळं मला चहाबरोबर ऐकावं लागे.

एखादा बगळा एका पायावर उभा दिसला की मला कोपरखळी बसे. "बघा मास्तर, सावधान! तुमच्या पोरास्नी दोन पायांवर जमत न्हाई." दिवसभर चिखलात हिंडून पाखराच्या अंगावर डाग नाही, याचं त्यांना भारी कौतुक. "धोबी न्हाई, साबन न्हाई. डिशिप्लिन हाय!" कुणी ढोंगी माणसाला बगळा म्हटलं तर ते भडकत. "त्यो किडं खातो, मानसं न्हाई!"

ज्येष्ठाच्या सुमारास बगळ्यांच्या डोक्या-छातीवर पिवळी-तांबूस पिसं येतात. सगळ्या पलटणीची वर्दी मळली! मला वाटलं, आता हवालदार चिडणार. पण ते हळूच म्हणाले, "हळद लागली त्यास्नी."

त्या वर्षी हवालदारांच्या पुतणीचं लग्न दारातच होतं. मांडव चिंचेखाली आणि चिंचेवर बगळ्यांची घरटी. वऱ्हाडाच्या फेट्यांवर वरून काय पडेल या धास्तीनं त्यांचा धाकटा भाऊ, नवरीचा बाप बापू, कुऱ्हाड घेऊन फांद्या तोडायला निघाला. हवालदार बुंध्याशी आडवे उभे राहिले.

"हळद लागल्यावर कुनाला घराभाईर काढत्यात व्हय रं?"

बापूनं निमूट कुऱ्हाड खाली ठेवली. मला काही उलगडेना. मागाहून त्याच्या बायकोनं सांगितलं; घरात सगळे हवालदारांना तात्या म्हणत.

"आवं मास्तर, थोरल्या तात्यांची हळद झाली आन् तार आली, लढाई लागली म्हनून. तसंच हळदीच्या अंगानं गेलं. पोरीच्या बानं त्याच मुहूर्ताला दुसरा नवरा हुबा केला. तवापास्नं ते कुनाच्या हळदीला येत न्हाईत."

मग मांडवच चिंचेपासून वीस पावलं लांब घातला. हळदीच्या दिवशी हवालदार नाहीसे झाले, तेव्हा मी सरळ चिंचेखाली गेलो. ते वर बघून मोजत होते. इतक्यात हळदीनं माखलेली पुतणी, शालन, मांडवातून तरातरा आली.

"आगं, हळद लागल्यावर भाईर कशाला आलीस?" हवालदार ओरडले.

"मग तुमी आत चला की, तात्या."

मला त्यांच्याकडे बघवेना. हवालदारांनी टोपी काढली आणि खाली मान घालून तिच्यामागून गेले. हजेरी त्या दिवशी अर्धीच राहिली.