दोनशे अकरा इंचांचे गाव

"एकशेवीस इंचांच्या वरचं एकही गाव नको," ट्रॅव्हिस म्हणाला आणि त्याने लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या टेबलावर सगळ्यांना दिसेल असा फिरवला. "विषय संपला."

ट्रॅव्हिस हा नॉर्बर्ट पाव्लाकचा जावई. साउथ कॅरोलायनात वाढलेला. तिकडे रस्त्यावर चिमूटभर बर्फ दिसला की शाळांना सुट्टी देतात आणि माणसे धावत जाऊन दुकानातला पाव संपवतात. नॉर्बर्टच्या मुलीला, नादिनला, शहरातल्या इस्पितळात नोकरी लागली होती, म्हणून लग्नानंतर सहा वर्षांनी दोघे इकडे, एरी सरोवराच्या बाजूला, कायमचे राहायला येणार होते. तिला पाचवा महिना होता. त्यामुळे घर लवकर घ्यायचे होते, आणि ट्रॅव्हिसने ते शाळा, बाजार, शेजार असले काही न पाहता बर्फावरून निवडायचे ठरवले होते.

यात हसण्यासारखे काही नाही. आमच्याकडे सगळेच तसे निवडतात. सरोवरावरून येणारा ढग चिंचोळा असतो. रस्त्याच्या या बाजूला कमरेइतका बर्फ आणि त्या बाजूला एकजण पातळ शर्टावर अंगणातली पाने गोळा करतोय, हे दृश्य आम्ही दर हिवाळ्यात पाहतो. फरक एवढाच की बाकीचे लोक कमी बर्फाचे गाव शोधतात आणि आम्ही हार्लोचे लोक त्यांची कीव करतो.

"हे बघा, मिलब्रूक," ट्रॅव्हिस म्हणाला. "वर्षाला ऐंशी इंच. उत्कृष्ट."

"ऐंशी?" नॉर्बर्ट म्हणाला. "एवढा तर माझ्या टोपीवर पडतो."

"मिलब्रूक चाळीस मैलांवर आहे," नॉर्बर्टची बायको डोलोरेस हळूच म्हणाली. "आणि हार्लो किती आहे रे, ट्रॅव्हिस?"

"दोनशे अकरा. यादीत सगळ्यात शेवटी."

"सगळ्यात वर," नॉर्बर्टने दुरुस्ती केली.

हा आकडा सरकारी होता, आणि तो खुद्द नॉर्बर्टने दिलेला होता. हवामान खात्यासाठी गावोगावी एकेक माणूस हौसेने बर्फ मोजतो. हार्लोत ते काम एकतीस वर्षे नॉर्बर्टकडे होते. परसात पांढऱ्या रंगाची एक फळी ठेवलेली. रोज सकाळी सातला त्या फळीवरचा बर्फ पट्टीने मोजायचा, आकडा कळवायचा, फळी साफ करायची. पाव इंच जास्त नाही, पाव इंच कमी नाही. चार मैलांवरच्या डटन गावात हेच काम रोलंड बेंडर करायचा. हिवाळा संपला की दोन गावांच्या बेरजा समोरासमोर ठेवत, आणि हरलेल्या गावाच्या मोजणाऱ्याने ईस्टरआधीच्या उपवासातल्या एका शुक्रवारी जिंकलेल्या गावाच्या अग्निशमन केंद्रात एप्रन बांधून सगळ्यांना तळलेला मासा वाढायचा, असा रिवाज होता. रोलंड लागोपाठ नऊ वर्षे मासा वाढत होता. आमच्यातले काही जण त्या दिवशी मुद्दाम तीनतीनदा मासा मागत. मीही मागितला आहे.

नॉर्बर्टच्या लगतचे पिवळे घर विकायला निघाले होते. डोलोरेसने मनातल्या मनात तिथे पाळणासुद्धा टांगला होता. ट्रॅव्हिसने लॅपटॉप मिटला तशी ती नवऱ्याला कोठीच्या खोलीत घेऊन गेली आणि दार लावून घेतले.

"तुझी ती पट्टी माझं नातवंड घेऊन चाललीये, नॉर्बर्ट."

"बर्फ काय मी पाडतो?"

"पाडत नाहीस, पण कळवतोस. गप्प बसवत नाही तुला. आता जा आणि त्याला सांग, की मी थोडं वाढवून सांगतो म्हणून."

नॉर्बर्टचा चेहरा असा झाला, की जणू बायकोने त्याला चर्चची दानपेटी फोडायला सांगितली आहे. "मी? वाढवून? डोलोरेस, तुला शरम..."

"चाळीस मैल," डोलोरेस म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "बाळ आपल्याला ओळखणारसुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सगळे पिवळे घर बघायला गेले. घरांची एजंट ग्लोरिया खोल्या दाखवत होती. ट्रॅव्हिसला तळघर आवडले, गॅरेज आवडले. नादिन वरच्या खिडकीशी उभी राहून आपल्या जुन्या अंगणाकडे बघत राहिली ती हलेचना. शेवटी सुस्कारा सोडून ट्रॅव्हिस म्हणाला, "सगळं झकास आहे. पण दोनशे अकरा."

डोलोरेसने नवऱ्याच्या बरगडीत कोपर खुपसले.

"ते आकडे," नॉर्बर्ट छताकडे बघत म्हणाला, "जरा सढळ हाताने दिलेले आहेत."

"कुणी दिलेले?"

"मी."

"म्हणजे किती सढळ?"

नॉर्बर्टला खोटे बोलायची सवय नव्हती. सवय असलेला माणूस दहावीस इंचांवर थांबला असता. "निम्मे धर," तो म्हणाला.

ट्रॅव्हिसने फोनवर भागाकार केला. "एकशे साडेपाच! अहो, मग बसतंय की!"

नादिनने वळून वडिलांकडे रोखून पाहिले. ग्लोरियाचे पेन कागदावर थबकले. ग्लोरिया डटनची होती, आणि रोलंड बेंडरची मेहुणी होती, हे नॉर्बर्टच्या लक्षात आले तेव्हा ती फोन कानाला लावून पायऱ्या उतरत होती.

अर्ध्या तासाने नॉर्बर्टचा फोन वाजला.

"निम्मे?" रोलंड ओरडला. "नऊ वर्षं, नॉर्बर्ट! नऊ वर्षं मी तुमच्या त्या एप्रनमध्ये उभा राहिलो! तुमचा तो फायर चीफ मला 'वेटर' म्हणून हाक मारतो!"

"रोलंड, ऐक जरा..."

"खोटं आहे म्हण. एकदा म्हण, खोटं आहे."

समोरच्या कोचावर ट्रॅव्हिस पिवळ्या घराचे कागद वाचत बसला होता. नॉर्बर्टने त्याच्याकडे पाठ फिरवली. "खोटं नाही," तो म्हणाला.

"मग मी उद्या येतो. माझी पट्टी घेऊन. सोमवारी सकाळी सातला तुझ्या फळीवर मी स्वतः मोजणार. आणि मग नऊच्या नऊ मासे तू वाढायचे, डटनमध्ये!"

रविवारी सकाळपर्यंत हार्लोत ही बातमी कुणाच्या घरी पोहोचायची राहिली नव्हती. चर्चमध्ये शांती असो म्हणून एकमेकांशी हात मिळवायची वेळ आली, तेव्हा पुढच्या बाकावरच्या फायर चीफने मागे वळून डोलोरेसशी हात मिळवला, नादिनशी मिळवला, ट्रॅव्हिसशीदेखील मिळवला आणि नॉर्बर्टचा हात हवेत तसाच राहिला. मी दोन बाक मागे होतो. खरे सांगायचे तर मीही त्या दिवशी नॉर्बर्टला टाळून दुसऱ्या दाराने बाहेर पडलो. गावाकडे दुसरे काय आहे हो मिरवायला? कारखाना बंद पडून वीस वर्षे झाली. शाळा डटनमध्ये. आमच्याकडे बर्फ आहे, आणि तोही निम्मा निघाला म्हटल्यावर माणसाने मान वर कशी करायची?

दुपारी जेवणानंतर रोलंड आला. त्याने फळीला प्रदक्षिणा घातली, फळीखाली हात घालून पाहिला, नॉर्बर्टची पट्टी आपल्या पट्टीला लावून पाहिली. दोन्ही तंतोतंत सारख्या निघाल्या, म्हणून त्याचा संशय आणखी वाढला. एवढे होते न होते तोच सरोवराकडून ढगाचा तो करडा पट्टा आला. दोनला भुरभुर. तीनला समोरची टपालपेटी दिसेनाशी झाली. चारला रेडिओवर सांगितले, की रस्ते बंद, कुणी गाडी काढू नये.

"मी निघतो," रोलंड म्हणाला.

"कुठे निघतोस?" डोलोरेस म्हणाली. "तुझी गाडी शोधून दाखव आधी. बस आणि बटाटे सोल."

सोमवारी सकाळी सातला नॉर्बर्ट, रोलंड, ट्रॅव्हिस आणि नादिन परसात उभे होते. दार उघडून फळीपर्यंत जायलाच ट्रॅव्हिसला वीस मिनिटे फावडे मारावे लागले होते. डोलोरेस दारातून बघत होती. रोलंडने पट्टी रोवली, चष्मा पुसला, वाचले. पुन्हा रोवली, पुन्हा वाचले. तिसऱ्यांदा वाचून तो पडक्या आवाजात म्हणाला, "सव्वीस."

एका दिवसात सव्वीस इंच. एकतीस वर्षांत इतका मोठा आकडा नॉर्बर्टच्या फळीवर तीनदाच आला होता. एरवी तो टोपी उडवून नाचला असता. पण ट्रॅव्हिस शेजारीच उभा होता, भुवयांवर बर्फ घेऊन, तोंड उघडे टाकून.

"वारा होता," नॉर्बर्ट पुटपुटला. "वाऱ्यानं साठलाय. तेरा धर."

"बघा!" रोलंडला जीव आला. "बघा, असंच करतो हा! कबूल करतोय!"

"काका, गप्प बसा!" नादिन ओरडली.

ती एका हाताने पोट धरून, दुसऱ्या हाताने वडिलांकडे बोट दाखवत उभी होती, आणि तिचे नाक थंडीने की रागाने लालभडक झाले होते.

"माझा बाप खोटं बोलतोय. आत्ताही आणि शनिवारीही. काल रात्री वारा नव्हता, पान हललं नाही. माझा जन्म झाला त्या सकाळी आई गाडीत बसून कळा देत होती आणि हा माणूस इथं, या फळीवर वाकून पट्टी वाचत होता. साडेसात इंच! दर वाढदिवसाला केकबरोबर मी हा आकडा ऐकते. बायको बाहेर किंचाळत असताना ज्यानं साडेसातचे आठ केले नाहीत, तो तुम्हाला एप्रन बांधायला म्हणून वाढवून सांगेल? पाव इंच वाढवला नाही त्यानं कधी! कमी केले ते फक्त माझ्यासाठी, मी जवळ राहावं म्हणून!" तिने नाक पुसले. "आणि इतकं वाईट खोटं मी जन्मात ऐकलं नाही, बाबा. निम्मे काय!"

नॉर्बर्टने टोपी काढून हातात घेतली. त्याला रडू येत होते आणि त्याची मान एकाच वेळी ताठही झाली होती.

"म्हणजे दोनशे अकरा खरे?" ट्रॅव्हिसने विचारले.

"खरे," नॉर्बर्ट म्हणाला. "सगळेच्या सगळे. माफ कर, पोरा. तू मिलब्रूकचं घर बघ. गाव चांगलं आहे. कोरडं आहे."

ट्रॅव्हिसने फावडे उचलले आणि तो घराच्या पुढच्या बाजूला निघून गेला. डोलोरेसने दार आत ओढून घेतले आणि ती ओव्हनकडे तोंड करून रडली.

बर्फ दिवसभर पडत राहिला. ट्रॅव्हिसने आधी रोलंडची गाडी शोधून काढली. मग समोरच्या म्हाताऱ्या बाईंचे दार मोकळे केले. मग फायर चीफ आला आणि आग विझवायच्या पाण्याचा नळखांब बर्फातून खणून काढायला माणसे हवीत म्हणाला, तर हा पठ्ठ्या त्याच्याबरोबर गेला. आम्ही सहाजण होतो. त्याला फावडे धरायचे कसे ते मी दाखवले. पाठीने नाही, गुडघ्याने उचल म्हटले. दुपारी आम्ही त्याला अग्निशमन केंद्रात सूप पाजले आणि सत्याहत्तर सालच्या वादळाची हकीकत सांगितली. त्याने ती दोनदा सांगायला लावली. परसातले नादिनचे भाषण तोवर गावभर झाले होते, आणि चीफ जाऊन नॉर्बर्टशी हात मिळवून आला.

तिकडे रोलंडचा जीव वेगळ्याच कारणाने टांगणीला लागला होता. त्याची फळी चार मैलांवर एकटी पडली होती. त्याने बायकोला फोन लावला. "अगं, फळीवर बघ जरा किती साठलाय!"

"काही नाही साठलेला," बायको म्हणाली. "इकडे ऊन आहे. मी पायपुसणी वाळत घातलीयेत."

रोलंडने फोन ठेवला आणि कुणी न सांगता बटाट्यांची दुसरी पिशवी जवळ ओढली.

मंगळवारी सकाळी फळीवर आणखी अठ्ठावीस इंच निघाले. दोघांनी मिळून मोजले आणि रोलंडनेच आकडा कळवला. एकूण चोपन्न. दुपारी आभाळ फाकले, ऊन पडले, आणि सगळे गाव असे लखलखायला लागले की डोळे उघडवेनात. जेवणाच्या टेबलावर मिलब्रूकचा विषय कुणी काढला नाही. डोलोरेसला विचारायचा धीर नव्हता आणि नॉर्बर्टला तोंड नव्हते.

ट्रॅव्हिस पुढच्या ओट्यावर उभा राहून साउथ कॅरोलायनात आईशी बोलत होता. फोन समोर धरून तो तिला अंगण दाखवत होता. स्वयंपाकघराची खिडकी किलकिली होती, म्हणून आत सगळे ऐकू येत होते.

"अगं आई, हा ढीग नाही, ही गाडी आहे! ... नाही गं, भीती कसली? ... मिलब्रूक? छे, तिथं काय पडतं, नुसती भुरभुर. तिथं राहून माणसानं फोनवर सांगायचं तरी काय? तू बाळंतपणाला येशील तेव्हा आमच्या हार्लोत बघ. हे पिवळं घर दिसतंय ना, त्याच्या वरच्या खिडकीतून बघायचं!"

डोलोरेसच्या हातातून पळी पडली. नादिन हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होते.

"दोन दिवसांत किती म्हणतेस?" बाहेर ट्रॅव्हिस छाती काढून म्हणाला. "पाच फूट!"

नॉर्बर्ट ताडकन उठला. चोपन्न इंच म्हणजे साडेचार फूट. एकतीस वर्षांची सवय त्याला खिडकीकडे घेऊन गेली. त्याने तावदान वर सरकवले, तोंड उघडले, आणि बाहेर उन्हात उभ्या असलेल्या जावयाकडे तो क्षणभर बघत राहिला. मग त्याने तावदान हलकेच खाली घेतले आणि परत येऊन बसला.

रोलंडने बटाट्यावरून नजर वर केली. "सहा इंच वाढवून सांगितले त्यानं," तो म्हणाला. "माझ्या समोर. आणि तू गप्प?"

"घरचा माणूस आहे," नॉर्बर्ट म्हणाला.