वरच्याची खात्री करणारे विधातेकाका

आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत टाकी भरल्याचा दिवा लागला, की विधातेकाका गच्चीवर जाऊन टाकीत काठी घालून बघतात. दिवा आजवर एकदाही खोटा ठरलेला नाही. काका तरी जातात.

काकांनी लग्न केलं नाही. निवृत्त होईपर्यंत ते संशोधनाच्या विमानात यंत्रं सांभाळायचे. उपग्रह वरून सांगणार, अमुक ठिकाणी हवेत इतकी धूळ, इतकी वाफ. हे लोक त्याच वेळी नेमके त्याच्या खालून विमान न्यायचे, तीच हवा नळीनं आत ओढून मोजायचे आणि दोन्ही आकडे ताडून बघायचे.

"वरच्यावर विश्वास आहे हो, पण खात्री केलेली बरी," असं काका सारखं म्हणतात. माझ्या सासूबाई कित्येक महिने समजत होत्या, की हा माणूस देवाबद्दल बोलतोय. त्यांनी काकांना प्रसाद देणंसुद्धा बंद केलं होतं.

न तपासता काका फक्त एकाच माणसाचं खरं मानायचे. पिंपळगावला द्राक्षबाग करणारे थोरले भाऊ, नाना. दर रविवारी फोन. तिकडून "बरा हाय" आलं, की काका फोन ठेवणार. वहिनी गेल्या त्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून काका तिकडे फिरकले नव्हते.

एका रविवारी माझ्यासमोरच त्यांनी असा फोन ठेवला आणि मला राहवलं नाही. तोंड फटकळ, काय करणार? म्हटलं, "काका, पाण्याची टाकी काठीनं मोजता, आणि सख्खा भाऊ फोनवर?"

काकांनी फोन खिशात टाकला. मग म्हणाले, "मॅडम, भीती वाटते. तो बरा नसला तर?"

मला माझीच लाज वाटली. तशीच गाडी काढली आणि त्यांना घेऊन निघाले.

नाना ओट्यावर बसले होते. सदरा अंगावर नुसता लोंबत होता, चुलीपाशी सकाळचा चहाही झालेला दिसत नव्हता. काकांनी जवळ जाऊन त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. एकेक बरगडी लागत असणार.

"नाना, याला बरं म्हणतोस तू?"

नानांनी काकांना खालून वर नीट पाहिलं. दाढीचे खुंट, शर्टाचं तुटलेलं बटण.

"अन् तू? तू बी फोनवर बराच असतो की."

काकांनी चष्मा काढून पुसला. मग पायातल्या चपला काढून ओट्यावर नानांना टेकून बसले आणि मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही निघा. मी राहतो इथं."