रखमाजी अस्वलाने रीळ कसं निवडलं

बाळांनो, मांडी घालून बसा. हातातला खाऊ आधी संपवा, कारण या गोष्टीत मासे आहेत आणि मध्येच भूक लागली तर मी थांबणार नाही.

एका जंगलात एक अस्वल राहत होतं आणि त्याला मासे धरता येत होते. खरं तर गोष्ट इथेच संपायला हवी होती. तशी ती संपली नाही, म्हणून सांगावी लागते आहे.

अस्वलाचं नाव रखमाजी. त्याच्या बायकोचं नाव ठकूबाई. डोहाच्या काठी त्यांची गुहा होती. सकाळी दोघं पाण्यात उतरायची, गुडघाभर पाण्यात गुपचूप उभी राहायची. मासा पायाशी आला की पंजा मारायचा. झालं! घरी जायचं, खायचं, झोपायचं. ठकूबाईचा पंजा जरा जास्त चपळ होता. पण त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे.

एके दिवशी कावळा निरोप घेऊन आला.

"ठकूबाई, तुमचे वडील हैबतराव आठ दिवसांनी येताहेत," कावळा म्हणाला. "मोहाची राई आता त्यांच्याच्याने सांभाळवत नाही म्हणे. दोन जावयांपैकी जो जास्त जाणता असेल, त्याला देऊन टाकणार आहेत. धाकट्या जावयाकडे जाऊन आले. आता थोरल्याकडे येणार. मरळीचं कालवण करून ठेवा म्हणालेत."

मोहाची राई म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक नाही. मोहाची फुलं खाल्ली की अस्वलाचं पोट भरतं, वर गाणंही सुचतं. अशी दीडशे झाडं!

"मरळ ना? धरू की," ठकूबाई म्हणाली आणि उठलीसुद्धा.

पण रखमाजीने विचारलं, "धाकट्याने काय खायला घातलं?"

"मरळच," कावळा म्हणाला. "पण गळाने धरलेली. काठीला वर ते दोर गुंडाळायचं गोल रीळ असतं ना, तसल्या गळाने. कोरड्या पायांनी काठावर उभं राहून. हैबतराव नुसते बघतच राहिले."

अस्वल सगळं सहन करतं. उन्हाळा सहन करतं, मधमाश्या सहन करतं. पण साडूकडे आहे आणि आपल्याकडे नाही, हे त्याला सहन होत नाही.

"मी पण गळच घेणार," तो म्हणाला.

"अहो, आपल्याला हात आहेत ना?"

"हात सगळ्यांनाच असतात!" रखमाजी म्हणाला आणि तडक बाजाराला निघाला.

वडाच्या झाडावर त्रिंबकशेठ वानराचं गळांचं दुकान होतं. फांद्या-फांद्यांवर काठ्या टांगलेल्या, ढोलीत रिळं मांडलेली. खाली पारावर एक कासव दोन रिळं पुढ्यात ठेवून विचार करत बसलं होतं.

"शेठ, एक गळ द्या," रखमाजी म्हणाला. "मरळ धरायची आहे."

त्रिंबकशेठने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "कुठला देऊ?"

"जो मासा धरतो तो."

"ते बघावं लागेल," त्रिंबकशेठ म्हणाला. "हे रीळ सहाचं. मूठ एकदा फिरवली की आतलं चाक सहा वेळा फिरतं. हे आठाचं. याचं आठ वेळा फिरतं. सहाच्यात जोर जास्त, आठाच्यात वेग जास्त. तुम्हाला काय पाहिजे?"

"दोन्ही."

"दोन्ही एकात नसतं. बरं, ब्रेक कुठला? चुंबकाचा की वजनाचा?"

"ब्रेक कशाला? मला तर मासा आणायचा आहे, थांबवायचा नाही."

कासव हळूच हसलं. त्रिंबकशेठ हसला नाही. तो जाणकार दुकानदार होता.

"चाक हलकं फिरावं म्हणून आत छर्रे किती हवेत? पाच की अकरा? काठी साडेसहा फुटी की सात फुटी? टोकाशी वाकणारी की मध्यापासून वाकणारी? कडक, मध्यम, की मध्यमापेक्षा थोडी कडक पण कडकापेक्षा थोडी मध्यम?"

रखमाजीला घेरी आली. तो पारावर बसला.

"घाई करू नका," कासव म्हणालं. "माझ्या वडिलांनी आठाचं घ्यायचं ठरवत आणलं होतं. मी सहाकडे झुकतो आहे."

"मग तुमच्याकडे मासे कोण धरतं?" रखमाजीने विचारलं.

"आम्ही पाला खातो," कासव म्हणालं.

त्या दिवशी रखमाजी रिकाम्या हाताने घरी आला, पण डोकं भरून आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. सहाचं रीळ कानाला लावून फिरवलं. ते कर्रर्र वाजलं. आठाचं फिरवलं. ते सुर्रर्र वाजलं. कर्रर्र बरं की सुर्रर्र, याचा विचार करत तो वाटेतल्या वारुळात पडला. तिसऱ्या दिवशी त्याने सगळ्या काठ्या वाकवून पाहिल्या. टोकाशी वाकणारी टोकाशी वाकली, मध्यापासून वाकणारी मध्यापासून वाकली. रखमाजी अर्धा दिवस नवल करत राहिला. चौथ्या दिवशी तो गेलाच नाही. गुहेच्या भिंतीवर कोळशाने काठ्या काढत बसला.

मासे कोण धरत होतं? ठकूबाई. रोज सकाळी एकटी डोहात उतरायची, दोन मासे धरायची, एक नवऱ्यापुढे ठेवायची.

नवरा तो खाताना म्हणायचा, "हा मासा सहाच्यावर आला असता बरं का. आठाच्याला जरा जड गेला असता."

"गिळा आता," ठकूबाई म्हणायची.

सातव्या दिवशी ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "अहो, उद्या आबा येणार. तुम्ही गळ घेणार आहात की त्याच्याशी लग्न करणार आहात?"

रखमाजी धावत त्रिंबकशेठकडे गेला. "शेठ, एकच सांगा. सहा की आठ?"

त्रिंबकशेठने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हटलं, "तुमच्या साडूंनी आठाचं नेलंय."

"नवाचं आहे का?" रखमाजीने विचारलं.

"आहे की!"

अशा रीतीने सात दिवसांचा अभ्यास एका क्षणात पूर्ण झाला. मधाची सात पोळी देऊन रखमाजीने नवाचं रीळ, अकरा छर्रे, दोन्ही ब्रेक आणि सर्वांत लांब काठी घेतली. वर मरळीला भुलवायला पोटात आकडा असलेला एक रबरी बेडूक मिळाला. घरी येऊन त्याने तो उन्हात ठेवला, तर एक खरा बेडूक त्याच्याशेजारी येऊन बसला आणि दुपारभर बोलत राहिला. जाताना म्हणाला, "इतकं शांतपणे आमच्यात कोणी ऐकून घेत नाही."

दुसऱ्या दिवशी हैबतराव आले. पांढरी छाती, दाट केस, चालणं डुलत डुलत. ते काठावरच्या खडकावर बसले.

"हं, जावईबापू," ते म्हणाले, "दाखवा."

रखमाजी ऐटीत उभा राहिला. काठी मागे नेली. तेवढ्यात गंमत बघायला आलेला त्रिंबकशेठ काठावरच्या झाडावरून ओरडला, "अंगठा! चाकावर अंगठा ठेवा! बेडूक पाण्यात पडायच्या आत अंगठ्याने चाक आवरायचं, सगळी मदार अंगठ्यावर असते!"

रखमाजीने पंजाकडे पाहिलं. पाच नख्या एका ओळीत. अस्वलाला अंगठा नसतो, बाळांनो. सात दिवसांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

पण काठी निघालेली होती. रखमाजीने डोळे मिटले आणि झटका दिला.

रीळ गरगर फिरलं. दोर सुटला, उसळला, पुन्हा रिळावर आला, स्वतःच्याच पोटात शिरला. क्षणात रिळावर कलिंगडाएवढा गुंता झाला. आणि रबरी बेडूक? तो डोहाकडे गेलाच नाही. तो मागच्या मागेच अडकला होता.

काठीला ओढ बसली.

"लागली!" रखमाजी ओरडला. "मरळ लागली! मोठी आहे!"

तो मूठ फिरवू लागला. दोर जाम झालेला, तरी त्याने जोर लावला. मागून हैबतराव ओरडू लागले. रखमाजीला वाटलं, कौतुक करताहेत. त्याने आणखी जोर लावला.

"अहो, सोडा!" ठकूबाई किंचाळली. "आबांच्या पाठीत गळ आहे!"

रखमाजीने वळून पाहिलं. सासरे खडकावरून दोन पावलं खाली आले होते आणि पुढचं पाऊल डोहातच पडणार होतं. नशीब, की रीळ नवाचं होतं. नवाच्यात वेग असतो, जोर नसतो. सहाचं असतं तर हैबतराव पाण्यात गेले असते.

ठकूबाईने वडिलांच्या पाठीवरच्या केसांतून गळ अलगद सोडवला. राई गेली, रखमाजीला वाटलं. दीडशे झाडं गेली. साडू आता आयुष्यभर हसणार. तो खाली बसला आणि गुंता सोडवू लागला. एक सुगरण पक्षीण येऊन गुंत्याभोवती फिरून गेली. "काम कच्चं आहे," ती म्हणाली, "पण जागा ऐसपैस आहे."

"हे काय झालं?" शेवटी हैबतराव म्हणाले. त्यांचा आवाज काही बरा नव्हता.

रखमाजीने तोंड उघडलं. खरं सांगायचं त्याच्या मनात होतं. पण सात दिवस डोक्यात भरलेलं आधी बाहेर आलं.

"हा गुंता, सासरेबुवा," तो म्हणाला. "चुंबकाचा ब्रेक उशिरा धरतो, वजनाचा लवकर धरतो. दोन्ही असले की दोघांचं आपसांत जमत नाही. त्यातून अकरा छर्रे. पाच असते तर चाक दमलं असतं. अकरांवर ते दमतच नाही."

"अस्सं?" हैबतराव पाठ चोळायचे थांबले.

"काठीही टोकाशी वाकणारी. ती मागे नेताना सरळ राहते आणि सोडताना रागावते."

हैबतराव जवळ सरकले. "आणि मध्यापासून वाकणारी?"

"ती सोशिक असते," रखमाजी म्हणाला. "पण सोशिक काठीचे तोटे वेगळे."

दोघं बोलत राहिले. ऊन डोक्यावर आलं. ठकूबाईने दोघांकडे पाहिलं, डोहाकडे पाहिलं. मग ती पाण्यात उतरली आणि उभी राहिली. थोड्या वेळाने तिने पंजा मारला. हातभर लांबीची मरळ होती. घरी नेऊन तिने झणझणीत कालवण केलं.

हैबतरावांनी तीन वेळा वाढून घेतलं. "मरळ फक्कड आहे," ते म्हणाले. "कोणी धरली?"

"मी," ठकूबाई म्हणाली.

"कशाने?"

"हाताने."

"बरं," हैबतराव म्हणाले आणि जावयाकडे वळले. "हं, तर त्या चुंबकाचं काय म्हणत होता?"

दुसऱ्या दिवशी निघताना हैबतरावांनी निकाल सांगितला. "धाकटा मासा धरतो. पण का धरला गेला, विचारलं तर गप्प बसतो. थोरल्याला मासा मिळत नाही, पण का मिळाला नाही याची अकरा कारणं त्याला तोंडपाठ आहेत. जाणता याला म्हणतात. राई रखमाजीरावांची!"

रखमाजी सासऱ्यांच्या पाया पडला. ठकूबाईने वडिलांना नमस्कार केला आणि भांडी घासायला गेली.

बातमी जंगलभर पसरली. सल्ला विचारायला लोक येऊ लागले. थोर माणसाकडे रिकाम्या हाताने जाऊ नये, म्हणून प्रत्येक जण एक मासा घेऊन येई. बगळा आला. मगर आली. पाणमांजराने तर तोंडातला ताजा मासा खाली ठेवून विचारलं, "गुरुजी, मासा कशाने धरावा?"

"डोह कुठला? पाणी गढूळ की नितळ?" रखमाजी विचारायचा आणि डोळे मिटायचा. तो पुन्हा कधी पाण्यात उतरला नाही. काठी गुहेच्या दारावर टांगली होती. येणारे तिच्या पाया पडत.

एका दुपारी ठकूबाई मासे साफ करता करता म्हणाली, "अहो, जगाला इतकं सांगता. माझ्या हाताबद्दल कधी चार शब्द बोलला नाहीत."

रखमाजीला खरंच वाईट वाटलं. तो जवळ येऊन बसला. "ठकू, तुझ्या हाताला तोड नाही. तिथेच तर घोळ आहे. तुलना करायला शेजारी दुसरं काही ठेवताच येत नाही. मग बोलू काय?"

ठकूबाईने आपल्या एका पंजाकडे पाहिलं. मग दुसऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पाणमांजर पुन्हा आलं. ते रखमाजीकडे निघालं होतं, तेवढ्यात ठकूबाईने सहज विचारलं, "तुम्ही मासा उजव्या पंजाने धरता की डाव्या?"

पाणमांजर थबकलं. "का हो? त्यात फरक असतो?"

"फरक?" ठकूबाई हसली. "बसा. मासा इकडे ठेवा."

संध्याकाळपर्यंत तिची रांग नवऱ्याच्या रांगेपेक्षा लांब झाली होती.

तात्पर्य: पाण्यात उतरणाऱ्याला फक्त मासा मिळतो. काठावर बसून समजावणाऱ्याला मासाही मिळतो आणि नमस्कारही. म्हणून बाळांनो, पोहायला शिकण्यात वेळ घालवू नका. आधी मत बनवायला शिका, आणि ते शक्यतो कोरड्या जागी बसून बनवा.