जावई उठेना

सकाळी चहाची कपबशी उचलताना पंडितचे हात थरथरले, तेव्हा त्याला बरंच वाटलं. निदान हात हलत तरी होते. मांडीपासून खालचे पाय मात्र कुणा दुसऱ्याचे आणून लावल्यासारखे झाले होते. आणि नेमकं आजच त्याच्या पोरीचं नाव ठेवायचं होतं, चारठाण्याला, सासुरवाडीत.

पंडित जिंतूरच्या कचेरीत कारकून होता. वय तिशीच्या आतलं, पोट मात्र चाळिशीच्या पुढचं. पोरगी झाल्याचा निरोप आला तेव्हा तो कचेरीतून दवाखान्यापर्यंत पळत गेला आणि दारात असा धापा टाकत बसला, की नर्सबाईंनी बाळ दाखवायच्या आधी त्यालाच तपासायला घेतलं. दम खाली बसल्यावर पोर त्याच्या हातात आली. मूठभर जीव. तिनं एक डोळा उघडून बापाकडं पाहिलं. पंडितनं तिथंच ठरवलं, ही पळायला लागेल तेव्हा आपल्याला हिच्यामागं पळता आलं पाहिजे.

बायको केशर बाळाला घेऊन माहेरी गेली आणि पंडितनं शेजारच्या रंगनाथ उस्तादांना गाठलं. उस्तादांचं वय झालं होतं, पण तालमीतला आवाज तसाच होता.

"घरच्या घरी जोर आन् बैठका," उस्ताद म्हणाले. "पैल्या दिशी पाय हसतील. दुसऱ्या दिशी रडतील. तिसऱ्या दिशी तुमाला वळखणार न्हाईत. पण सोडायचं न्हाई. सोडलं की संपलं."

याआधी पंडितनं शीर्षासन धरलं होतं. ते रांजणावर पडून सुटलं, आणि सासुरवाडीला अजून हसायला पुरत होतं. म्हणून या वेळी त्यानं कुणालाच काही सांगितलं नाही. आज नेमका तिसरा दिवस होता.

यष्टीच्या पायरीवर कंडक्टरनं त्याला वर ओढलं, चारठाण्याला दोघांनी खाली उतरवलं. सासरे किशनराव रस्त्याच्या कामावर मुकादम होते. त्यांनी दारातच "जयभीम, जावईबापू!" म्हणत हाताला धरून आत नेलं. भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीला ताजा हार होता. वंदनेला सगळे बसले. पंडितही भिंतीला धरून कसाबसा टेकला. वंदना झाली आणि तिथंच ताटं मांडली. पंडितनं मनोमन आभार मानले. उठायचं काम टळलं होतं.

पंगत जेवली, उठली. पंडित उठला नाही. म्हणजे त्यानं एकदा हात टेकून जोर लावला, पण मांड्यांतून अशा काही कळा आल्या की त्याच्या तोंडून "आई!" निघालं.

"काय पाहिजे?" सासूबाई चांगुणाबाई लगबगीनं आल्या. "शिरा वाढू?"

"वाढा," पंडित म्हणाला. ताटात काही असलं म्हणजे बसायला कारण राहतं.

दुसरी पंगत बसली. तीही पुऱ्या, वांग्याची भाजी, शिरा खाऊन उठली. पंडित तिसऱ्या पंगतीत जेवत होता. बायका आता दारातून वाकून पाहू लागल्या. एक म्हातारा पाहुणा कानाला हात लावून म्हणाला, "विद्यापीठाचं नामांतर झाल्याबिगर उठणार न्हाईत का काय पाव्हणे?"

सगळे हसले. केशरची आत्या तानुबाई मात्र हसली नाही. ती चुलीपाशी जाऊन कुजबुजली, "जावई रुसलाय. पोरगी झाली न्हवं. पोरगा असता तर नाचला असता."

ते ऐकून चांगुणाबाईंच्या हातातलं उलथनं तव्यावर पडलं. किशनरावांपर्यंत बातमी गेली. ते येऊन जावयाच्या शेजारी मांडी घालून बसले.

"जावईबापू, काय मनात हाय ते बोला."

"काई न्हाई, मामा."

"घड्याळ घ्यायचं का?"

"न्हाई वो."

"सायकल?"

"मामा, मला काईच नको!"

रुसलेला जावई "काईच नको" म्हणाला, म्हणजे अजून पुढं जायचं, असा किशनरावांनी हिशोब केला. "म्हैस न्या," ते हळू आवाजात म्हणाले, "पण चार माणसांत उठा."

आता मात्र पंडितला घाम फुटला. तो काही बोलणार, एवढ्यात दारात केशर उभी राहिली. हातात बाळ, डोळे लाल.

"पोरगी झाली म्हणून उठना गेलाव व्हय तुमी?"

पंडितनं सगळा जीव गोळा करून उठायचा प्रयत्न केला. अर्ध्यात गेला, तिथं थोडा थांबला आणि धप्पकन खाली आला.

"अगं, बैठका..."

"बैठका? घरात एवढी माणसं, आन् तुमाला बैठका घ्यायच्यात? कुणाच्या?"

"माझ्याच! उठाबशा! व्यायाम करायलोय मी!" पंडित ओरडला. मग आवाज उतरवून म्हणाला, "हिच्यामागं पळता यावं म्हणून. उद्या ही दारातून सुटली तर धरायला बाप नको का? शेजारचे उस्ताद म्हणलेत, सोडायचं न्हाई. तीन दिवस झाले. आता पाय म्हणून काई राहिलंच न्हाई, केशर. मला कुणीतरी उठवा."

पहिल्यांदा चांगुणाबाईंनी तोंडाला पदर लावला. त्यांचे खांदे हलत होते. हसत होत्या की रडत होत्या, ते त्यांनाही कळत नव्हतं. तानुबाई म्हणाली, "मी तवाच म्हणले, पाव्हण्याच्या पायाला कायतरी झालंय." मग सगळं घर हसलं. केशर खाली बसली आणि तिनं पोर त्याच्या मांडीवर ठेवली. मांडी ठणकली, पण पंडितनं हूं का चूं केलं नाही.

जावई पाळण्याकडं येईना, म्हणून पाळणा जावयाकडं आला. पोरीचं नाव सुजाता ठेवलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पंडित घोंगडी डोक्यावरून ओढून पडला होता. एक दिवस चुकला तर कुणाला कळतंय, असा विचार होता. किशनरावांनी घोंगडी ओढली.

"उठा. सोडायचं न्हाई म्हणलेत न्हवं उस्ताद?"

चांगुणाबाई गरम तेल घेऊन आल्या, मेव्हण्यानं मांड्या चोळल्या, आणि खांबाला धरून, कण्हत, दिवसाढवळ्या तारे बघत पंडितनं बैठका काढल्या. समोर केशर पोरीला घेऊन बसली होती. "बघ गं, तुझा बाप," एवढंच ती म्हणाली.

निघताना पंडित दारातच घुटमळला. या माणसांनी त्याला नीट ओळखलं नव्हतं, तरी म्हैस द्यायला तयार झाले होते. आणि ओळखल्यावर तर पायच चोळायला बसले. सासऱ्यांच्या पाया पडावं असं त्याला अगदी मनापासून वाटलं. तो वाकू लागला. कमरेपर्यंत गेला. पुढं काही जाईना.

किशनरावांनी ते पाहिलं. ते मागं सरले, घरासमोरच्या उंच ओट्यावर चढले आणि अगदी कडेला येऊन उभे राहिले. पंडितचे हात आता अलगद त्यांच्या पावलांवर टेकले.

"सरका जरा तिकडं," चांगुणाबाई पदर खोचत ओट्यापाशी आल्या. "मला बी चढू द्या."