काचेजवळचं आसन

"या रविवारी माझं कुठलंही व्रत तुमच्या आड येणार नाही!"

रोहिणीनं हे देवघरासमोर, हातात निरांजन धरून जाहीर केलं. निरांजन हातात असताना दिलेला शब्द आणि काळ्या दगडावरची रेघ यांत त्या घरात काडीचा फरक नव्हता. तरीही दहा वर्षांच्या मंगेशनं एक भुवई वर केली.

"आई, दाभोशाच्या धबधब्याला निघालो होतो, तेव्हा काय झालं?"

"प्रदोष निघाला, बाळा."

"आणि शिरपामाळला?"

"एकादशी होती. पण गेलो ना आपण?"

"गेलो! सगळ्यांनी वडापाव खाल्ले आणि आपण चौघांनी भगर! गार!"

रोहिणीनं निरांजन देवापुढे ठेवलं. मोखाड्याच्या शाळेत ती पहिलीला शिकवायची. आवाज इतका मऊ, की मुलं गप्प झाल्याशिवाय तो ऐकूच यायचा नाही; त्यामुळे तिचा वर्ग तालुक्यातला सर्वांत शांत वर्ग म्हणून ओळखला जायचा. पण आवाज सायीसारखा असला तरी निश्चय कातळाचा! एकदा ठरलं की ठरलं.

आणि ठरलं होतं ते हे, की जव्हारला नव्यानं निघालेल्या 'मत्स्यमहाल' हॉटेलात मुलांना काचेजवळच्या टेबलावर बसवायचं. मत्स्यमहाल, आणि त्याखाली ठळक अक्षरांत 'शुद्ध शाकाहारी'! आत एक अख्खी भिंत काचेची, तिच्यामागे पाणी, पाण्यात मासे. मासे बघायचे आणि पनीर खायचं. सहा वर्षांच्या राहीच्या वर्गातली हर्षदा तिथं जाऊन आली होती आणि तिनं सगळ्या वर्गाला सांगितलं होतं, की भोपळ्याच्या रंगाच्या एका माशानं काचेतून तिच्या नाकाची पापी घेतली. झालं! पंधरा दिवस राही दिसेल त्या काचेला नाक लावून उभी. खिडकीला, कपाटाच्या आरशाला, एकदा तर मुख्याध्यापकांच्या चष्म्याला!

रोहिणीनं कॅलेंडर पुढ्यात घेतलं. श्रावण म्हणजे उपासांचं रान माजलेलं. सोमवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी... पण बोट फिरवता फिरवता एक रविवार अगदी कोरा सापडला. तिनं त्यावर लाल पेनानं मासा काढला. मंगेश म्हणाला, "बघू."

त्या "बघू"नं तिच्या काळजाला चरा पडला. पोटच्या पोराचा आपल्या शब्दावर विश्वास नसावा!

रविवारी तिनं पूजा तासभर आधी उरकली. जीपमध्ये हे चौघं, एक गॅसची टाकी आणि तीन कोंबड्या असे जव्हारला पोचले. हेमंत, म्हणजे रोहिणीचा नवरा, पंचायत समितीत कारकून. फाइल या टेबलावरून पुढच्या टेबलावर सरकवण्यात उभं आयुष्य गेलेलं, पण स्वतः पुढच्या टेबलावर सरकणं त्याला कधी जमलं नव्हतं. त्यामुळे मोहिमेची सूत्रं रोहिणीकडेच होती.

आत शिरल्या शिरल्या राहीनं किंकाळी फोडली. "आई! भोपळ्या!"

खरंच, काचेमागे भोपळ्याच्या रंगाचा एक गलेलठ्ठ मासा, गावात सरपंच हिंडावा तसा हिंडत होता. पण काचेजवळच्या मधल्या टेबलावर एक म्हातारं जोडपं बसलेलं! जामसरचे लाडक्या आणि बुधी. सकाळीच त्यांची काकड्यांची पाटी खपली होती, आणि आता रिकामी पाटी पायाशी ठेवून दोघं चहा पीत होती. पीत होती म्हणजे काय, एक घोट चहा आणि मग बराच वेळ मासे, असं चाललं होतं.

रिकामं टेबल एकच होतं. खांबामागचं, हात धुवायच्या बेसिनला लागून. तिथून त्या मोठ्या टाकीचा फक्त शेवटचा कोपरा दिसायचा. त्यात एक मोटार, एक रबरी नळी आणि एक गोगलगाय. गोगलगायही भिंतीकडे तोंड करून बसलेली.

"नीट ऐका," रोहिणी म्हणाली. "कुणी काही मागवायचं नाही. आपण इथे बसलेलो नाही. टेकलोय!"

सगळे टेकले. रोहिणी वेटरकडे गेली. त्याचं नाव मधू. पन्नाशीचा, वीस वर्षं ठाण्यातल्या हॉटेलांत काढून गावी परतलेला.

"दादा, ते काचेजवळचं टेबल..."

"हां मॅडम, टेबल साफ करतो!" त्यानं भलतंच टेबल पुसलं.

"नाही, ते काचेजवळचं..."

"काच का गिलास? देतो ना!"

चौथ्या खेपेला मुद्दा पोचला. मधूनं कमरेवर हात ठेवले. "मॅडम, संडे है. काचेजवळ चारच्या खाली बसवत नाही. मालकाचा रूल."

"पण ते दोघंच बसलेत की!"

"ते गर्दीच्या आधी आलेत. तेव्हा रूलपण उठला नव्हता! बाकी सिंपल. तिकडं खाली होईल तेव्हा जो चार माणसं घेऊन पहिला पोचेल, त्याचं टेबल."

रोहिणी त्या जोडप्याजवळ गेली. पण बुधीआजीचे डोळे त्या माशावर असे खिळले होते, की "उठा" हा शब्द रोहिणीच्या ओठांवर येईना. "सावकाश होऊ दे हं, मावशी," एवढंच ती म्हणाली आणि परत येऊन टेकली.

तेवढ्यात दारात एक कुटुंब उगवलं. नाशिकचं. पुढे बर्म्युडा घातलेले धिप्पाड गृहस्थ, मागे बायको आणि उतरत्या भाजणीची तीन मुलं. "आम्हाला काचेजवळ!" गृहस्थ तिथूनच गरजले. मधूनं त्यांनाही तोच रूल ऐकवला. आता पाच जोडी डोळे दारातून आणि चार जोडी डोळे खांबाआडून लाडक्याआजोबांच्या कपावर रोखले गेले. कपात फार तर दोन घोट उरले होते!

आणि इथेच घात झाला. मधूनं मध्येच येऊन टेबलावर पापड ठेवला. "हाटेलकडून. फ्री!"

राहीनं त्याचा तुकडा मोडला. आपल्यासाठी इतकी झटणारी आई बघून तिला भरून आलं असावं. "आई, आ कर!"

रोहिणीची नजर कपावर. आईच्या जातीचं तोंड, लेकरानं "आ कर" म्हटलं की उघडतंच. ते उघडलं.

कुडुम!

रोहिणी जागच्या जागी थिजली.

कॅलेंडरनं दगा दिला नव्हता. कॅलेंडरवर वारांची आणि तिथींची व्रतं असतात. जे रोजचं, ते कुठलं असायला! राही दोन वर्षांची असताना तिला न्यूमोनिया झाला होता. तेव्हा दवाखान्याच्या बाकावर रोहिणीनं देवाला सांगितलं होतं, लेकरू बरं होऊ दे, मी दर चातुर्मासात दिवसातून एकदाच जेवीन, मौनानं जेवीन आणि एकाच आसनावर जेवीन. पहिला घास तोंडात गेला की हात धुवेपर्यंत शब्द नाही, आणि पुरतं जेवण होईपर्यंत आसन सोडायचं नाही; अर्ध्यावर उठलं की व्रत मोडलं. चार वर्षांत एकदाही मोडलं नव्हतं. आज तिचा बेत साधा होता. आधी काचेजवळ बसायचं, मग पहिला घास. तिथं बसल्यावर बोलायचंय कुणाला!

आणि आता पहिला घास गेला होता. पापडाचा. बेसिनशेजारी!

नेमका त्याच क्षणी लाडक्याआजोबांनी कप खाली ठेवला. बुधीआजी उठली आणि हात हलवून म्हणाली, "ये गं बाय! आमचा चाय झाला!"

रोहिणीनं हेमंतकडे बघून टाकीकडे बोट केलं.

"पाणी हवंय?" हेमंत.

तिनं मान हलवली. पुन्हा बोट.

"पापड अडकला?" हेमंतनं तिच्या पाठीत दणका घातला.

"बाबा, आईनं घास खाल्लाय!" मंगेशच्या सगळं ध्यानात आलं. "आता ती बोलणार नाही आणि उठणारही नाही! मी म्हटलं होतं ना, आलं व्रत आडवं!"

राहीची हनुवटी थरथरायला लागली.

"असं कर, तू बस इथे," हेमंत म्हणाला, "आम्ही तिघं तिकडे..."

"चारच्या खाली नाही!" मधू.

"आम्ही पाच आहोत!" दारातून बर्म्युडा.

रोहिणीनं डोळे मिटले. एकीकडे लेकीसाठी देवाला दिलेला शब्द, दुसरीकडे लेकीलाच दिलेला शब्द. त्यातला कुठला मोडायचा? कुठलाच नाही! तिनं डोळे उघडले, दोन्ही तळहातांनी खुर्चीवर थाप मारली आणि बोट टाकीकडे केलं. पुन्हा थाप. पुन्हा टाकी.

"खुर्ची!" मंगेश ओरडला. "खुर्चीसकट! आसन सोडायचं नाही, पण आसन हलवायचं नाही असं कुठं आहे!"

रोहिणीनं अशी मान डोलावली, की कपाळावरची टिकली सुटली.

"उचलायची हाय?" लाडक्याआजोबा कधी येऊन उभे राहिले ते कळलंच नाही. "मंग चौघं पायजेत. पावसाल्यात पाड्यावरनं रस्त्यापत्तुर किती आजारी मानसां डोलीतून आनलीत म्यां. त्वा फुडं. तू डावा. आनि तू रं?" त्यांनी बर्म्युडाकडे बोट केलं. "आंगापिंडानं बरा हायस. ये!"

माणूस भला होता. डोली आणि आजारी, एवढंच त्याच्या कानावर पडलं आणि तो टेबल विसरून धावला. "व्हा बाजूला! माझी गाडी दारातच आहे! काकू, घाबरू नका!"

हेमंत, मधू, लाडक्याआजोबा आणि नाशिकचे गृहस्थ असे चौघं लागले. "हां... उचला!" रोहिणी वर गेली, पंख्याच्या पात्यापासून वीतभर खाली. आणि मग आरती संपायच्या आत पालखी निघावी तशी ती निघाली, ती थेट दाराकडे! चौघांत जोर बर्म्युडाचा, त्यामुळे दिशाही बर्म्युडाची.

तिनं जिवाच्या आकांतानं टाकीकडे हात केले.

"हात वाकडे होतायत! जल्दी!"

तिनं मान हलवली.

"मानेत आलं! वाचाही गेली वाटतं!"

"अहो, तिला टेबलावर न्या! टेबलावर!" हेमंत ओरडला.

"डॉक्टर घेतीलच की टेबलावर! आधी दवाखान्यात तर पोचू द्या!"

वाटेत खांब आला. रोहिणीनं त्याला दोन्ही हातांनी अशी मिठी घातली, की पालखी जागीच थांबली आणि मधूचा पाय घसरता घसरता वाचला. गिऱ्हाइकं उभी राहिली. कुणीतरी मोबाइल काढला.

"काका!" मंगेशनं बर्म्युडाची नाडी धरली. "आई आजारी नाहीये! ती जेवतेय!"

"जेवतेय?" ते सुन्न झाले. "कुठं जेवतेय?"

"आत्ता! एक घास झालाय! तिचं मौन आहे आणि तिला ते टेबल हवंय!"

त्या गृहस्थांनी आळीपाळीनं रोहिणीकडे, टाकीकडे आणि स्वतःच्या तीन पोरांकडे पाहिलं. आपल्याला हवं असलेलं टेबल दुसऱ्याला मिळावं म्हणून आपणच खांदा दिलाय, हे त्यांच्या हळूहळू लक्षात आलं. पण खुर्ची हातात असताना करणार काय? रोहिणीनं मोठ्या नम्रपणे हात जोडले. हवेतून कुणी असे हात जोडले की माणूस विरघळतोच. "चला," ते उसासा टाकून म्हणाले, "घ्या उजवीकडे."

दुपारी बरोबर एक वाजता रोहिणीचं आसन काचेजवळ टेकलं! राही उजवीकडे, मंगेश डावीकडे, हेमंत समोर धापा टाकत. मंगेशनं आईच्या पदराचं टोक मुठीत धरलं. चार वर्षांत धरलं नव्हतं. रोहिणीला वाटलं, याहून मोठा प्रसाद नाही.

राहीनं काचेला नाक लावलं. भोपळ्या वळला, संथपणे जवळ आला, अगदी जवळ आला...

आणि एकदम दचकून गर्रकन फिरला. त्याच्यामागे पिवळे, पट्ट्यांचे, चांदीचे, सगळे मासे शाळा सुटल्यासारखे एका दिशेनं पळाले. काचेमागे उरले फक्त बुडबुडे आणि प्लॅस्टिकचं एक शेवाळ.

"आई? मासे कुठं गेले?"

रोहिणीनं मधूला शोधलं. तो खांबामागे स्टुलावर उभा होता आणि टाकीत चिमटी चिमटीनं दाणे टाकत होता.

"एक वाजता त्यांचं जेवण असतं, मॅडम!" तो तिथूनच ओरडला. "झाकण फक्त याच कोपऱ्यात उघडतं. पाऊण तास हलत नाहीत आता. ते पण एकाच जागेवर जेवतात!"

खांबामागच्या टेबलावर बुधीआजी आणि लाडक्याआजोबा बसले होते. ह्या गडबडीत त्यांची एसटी चुकली होती. शेजारीच टेकलेली बर्म्युडावाल्यांची तीन पोरं काचेला चिकटून आनंदानं किंचाळत होती, आणि समोरच्या कोपऱ्यात आख्ख्या टाकीची जत्रा भरली होती. बुधीआजीनं हात केला. "ये गं पोरी, ह्यो बग, पापी घेतो!"

राही पळाली. पाठोपाठ मंगेश पळाला. फोटो काढतो म्हणून हेमंतही गेला. क्षणभरानं राहीचा आवाज आला, "घेतली! आई, त्यानं पापी घेतली!"

जव्हारमधल्या सगळ्यात उत्तम टेबलावर रोहिणी एकटीच बसली होती. हेमंतनं मागवून ठेवलेल्या ताटात बिनकांद्याची भाजी, पोटात भूक, समोर बुडबुडे.

"आई, तू पण ये ना!" खांबाआडून मंगेशचं तोंड डोकावलं. "तुलाच दाखवायचंय!"

रोहिणीनं लाडक्याआजोबांकडे पाहिलं. आजोबांनी बर्म्युडाकडे पाहिलं. बर्म्युडानं वर पंख्याकडे पाहिलं.

आणि रोहिणीनं ताट मांडीवर घेतलं, पदर खोचला आणि दोन्ही तळहातांनी खुर्चीवर थाप मारली.