लाल गाडी, निळी गाडी आणि बेपत्ता सिंथेटिक

"सूक्ष्म नजर, तल्लख मेंदू, पोलादी मन आणि कमालीची विनम्रता लाभलेला या भागातला एकमेव खासगी गुप्तहेर." हे वाक्य त्यांनी स्वतःच्या वहीच्या पहिल्या पानावर, स्वतःबद्दल, स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. 'विनम्रता' या शब्दाखाली दोन रेघा होत्या.

ऊठसूट "बारकावे बघा, बारकावे!" म्हणायची सवय असल्यामुळे लोक त्यांना बारकावेच म्हणत. पोटापाण्यासाठी ते एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या मागच्या खोलीत वाहतुकीची चिन्हं शिकवत. गुप्तहेरगिरी हा खरा धंदा, फक्त त्याला गिऱ्हाईक नव्हतं. आजवर एकच प्रकरण त्यांनी तडीस नेलं होतं. वर्गातलं डस्टर दिवसेंदिवस लहान होत चाललं होतं. तीन आठवडे पाळत ठेवल्यावर बारकाव्यांनी निष्कर्ष काढला, की डस्टर झिजतं. तेव्हापासून त्यांचा आत्मविश्वास जो वाढला तो खाली यायचं नाव घेईना. आणि माणसाची नोकरी घालवायला पुरावा लागत नाही, कोणाचा तरी असला आत्मविश्वास पुरतो.

ज्याची नोकरी जायला निघाली होती, तो स्कूलचा मेकॅनिक. बारकाव्यांचा सख्खा मेव्हणा.

त्याचं असं झालं. स्कूलकडे दोन गाड्या होत्या. दोन्ही पांढऱ्या, एकाच दिवशी घेतलेल्या, नंबरात शेवटच्या एका आकड्याचा फरक. एकीच्या सीटला लाल कव्हरं, दुसरीच्या सीटला निळी. म्हणून एक लाल, दुसरी निळी. शिकाऊ गाड्यांच्या इंजिनाचे हाल कुत्रा खात नाही. दिवसातून शंभरदा बंद पडायचं, शंभरदा सुरू व्हायचं, आणि मधल्या वेळात पहिल्या गिअरमध्ये किंचाळायचं. तेलवाला मॅडमच्या मागे लागला होता, "आता सिंथेटिक तेल घाला. महाग आहे, पण थंडीत घट्ट होत नाही, जास्त दिवस टिकतं." मेकॅनिक म्हणत होता, "काही नको. साधं तेल घाला आणि वेळेवर बदला. बिघाड तेलाने होत नाही, आळसाने होतो."

मालकीणबाई, म्हणजे मॅडम, खमक्या. त्यांनी वाद मिटवायला परीक्षाच लावली. लालमध्ये सिंथेटिक, निळीमध्ये साधं. दोन्ही तेलं मेकॅनिकनेच भरली. मग बॉनेटवर मॅडमच्या सहीच्या कागदी पट्ट्या चिकटल्या आणि दीड महिना कोणी हात लावायचा नाही असं ठरलं. रोज सकाळी मॅडम स्वतः किल्ली फिरवून नोंद करत.

निकाल उलटा लागला. ऐन थंडीत लाल गाडी कुंथत कुंथत सुरू व्हायची, आणि निळी एका फटक्यात. पट्ट्या फाडून बॉनेट उघडलं तेव्हा मेकॅनिकने लाल गाडीची तेलाची मोजपट्टी ओढली, तेल बोटांत चोळलं, आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाला,

"मॅडम, हे सिंथेटिक नाही."

खरं बोलला आणि फसला. भरलं कोणी? त्याने. साधं तेल जिंकावं असं कोणाला वाटत होतं? त्याला. मॅडमनी सगळ्या स्टाफसमोर सांगितलं, "शनिवारपर्यंत खुलासा द्या. नाहीतर शनिवारी संध्याकाळी तुमचे पाने-पकडी घेऊन निघा."

मेकॅनिक म्हणाला, "मी भरलं होतं. एवढंच मला माहीत आहे."

बारा वर्षं नोकरी करून माणसाकडे एवढंच वाक्य उरलं होतं. बारकाव्यांना मात्र वाटलं, अखेर आपल्या लायकीचं प्रकरण आलं!

"माझ्या भावावर आळ आलाय," बायको म्हणाली. "काहीतरी करा."

"तपास माझ्याकडेच आहे," बारकावे म्हणाले. "मॅडमकडून मागून घेतला."

"अरे देवा," म्हणून ती खाली बसली.

पहिला संशय समोरच्या फुटपाथवर. तिथे एक इसम तीन दिवस, रोज तासभर, आपल्या गाडीत बसून स्कूलकडे बघत असे. दुसऱ्या स्कूलचा हेर! बारकावे वर्तमानपत्राला भोक पाडून त्याच्यावर नजर ठेवून राहिले. चौथ्या दिवशी त्या इसमानेच काच खाली केली.

"सर, ओळखलं नाहीत? मागच्या वर्षीचा तुमचा विद्यार्थी. जरा मागच्या गाडीवाल्याला सांगता का गाडी हलवायला? तो गेल्याशिवाय मला काढता येत नाही."

दुसरा संशय तेलवाल्यावर. त्याने डब्यात साधंच तेल भरून सिंथेटिक म्हणून खपवलं असणार. बारकाव्यांनी त्याच्या दुकानात जाऊन दोन्ही तेलं मागवली, वास घेतला, आणि तेलवाला "अहो, अहो!" म्हणेपर्यंत दोन्हींत बोट बुडवून चाटलं.

"काय कळलं?" तेलवाल्याने भीतभीत विचारलं.

"दोन्ही सारखीच वाईट लागतात," बारकावे म्हणाले आणि पाण्याचा नळ शोधायला गेले. त्या दिवशी तपास पुढे सरकला नाही. बारकावे मात्र बऱ्याचदा उठून गेले.

मग त्यांना गॅरेजच्या फळीवर सिंथेटिकचा रिकामा डबा सापडला. आत एक थेंब तेल नाही. लखलखीत! ज्या डब्यात तेलाचा थेंब नाही त्या डब्यातून तेल ओतलंच गेलेलं नाही. डबा तसाच्या तसा बाहेर विकून त्याजागी रिकामा आणून ठेवला, असा बारकाव्यांचा तर्क.

"धुतलाय, भाऊजी," मेव्हणा म्हणाला. "नटबोल्ट ठेवायला."

"सराईत गुन्हेगार असंच म्हणतो."

मेव्हण्याने त्यांच्या हातून डबा घेऊन फळीवर परत ठेवला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

शुक्रवारी बारकाव्यांनी नऊ पानी अहवाल मॅडमना दिला आणि आग्रह करकरून वर्गात चौदा शिकाऊंसमोर वाचूनही दाखवला. शेवटची ओळ होती, "आरोपी माझा नातेवाईक असूनही मी डगमगलो नाही. मेकॅनिक दोषी." नि:पक्षपातीपणा म्हणतात तो हाच! वाचताना त्यांचा आवाज भरून आला होता. स्वतःच्या थोरवीने.

घरी टेबल रिकामं होतं.

"जेवण?"

"तुमच्या नि:पक्षपातीपणाला सांगा वाढायला," बायको म्हणाली. "माझ्या भावाने कधी दुसऱ्याचा स्क्रूसुद्धा खिशात घातला नाही, आणि तुम्ही बोट चाटून त्याला चोर ठरवलंत."

शनिवारी दुपारी मेव्हणा भिंतीवरचे पाने एकेक करून उतरवत होता. फडक्याने पुसायचा, पेटीत ठेवायचा. घाई नाही. बारकावे दारात उभे होते. पोलादी मनात काहीतरी टोचत होतं, पण ते त्यांनी कालच्या उपवासावर ढकललं.

तेवढ्यात अंगणात गाडी गचके खात आली आणि बंद पडली. दार आपटून काकू उतरल्या. या काकू ड्रायव्हिंगच्या परीक्षेत चार वेळा नापास झालेल्या, म्हणून स्कूलमध्ये 'पाचवीवाल्या काकू'. दोन महिन्यांनी आजच परत आल्या होत्या.

"मॅडम! मी मुद्दाम निळी मागितली होती ना? लाल लाभत नाही मला. मग लाल का दिलीत?"

"काकू, ही निळीच आहे," मॅडम म्हणाल्या. "कव्हरं बघा की."

"कव्हरं बघून गाडी चालवतात का? हिचा क्लच माझ्या सासूसारखा आहे, शेवटपर्यंत काही बोलत नाही आणि मग एकदम अंगावर येतो. चार वेळा हिच्यातच नापास झालेय मी! आणि नंबर बघा. चार वेळा फॉर्मवर लिहिलाय, झोपेतून उठवलंत तरी सांगेन. शेवटी सात. सात म्हणजे लाल!"

सगळे गाडीच्या मागे गेले. शेवटी सात.

दीड महिना मॅडमनी किल्ली फिरवली, नोंदी केल्या. बारकाव्यांनी भिंगातून डबा पाहिला, तेल चाटलं, वर्तमानपत्राला भोकं पाडली. नंबरप्लेट, जी रस्त्यावरच्या कोणाही माणसाला दिसावी म्हणूनच लावलेली असते, ती एकानेही पाहिली नव्हती.

"म्हणजे कव्हरं बदलली गेली," मॅडम सावकाश म्हणाल्या. "सिंथेटिक हिच्यातच होतं. म्हणून ही थंडीत एका फटक्यात सुरू व्हायची. पण कव्हरं बदलली कोणी?"

बारकाव्यांच्या तल्लख मेंदूत जन्मात पहिल्यांदा सगळे धागे आपोआप जुळले, आणि ते जुळू नयेत म्हणून त्यांनी देवाचा धावा केला. तेल भरून बॉनेटवर पट्ट्या लागल्या त्याच आठवड्यात त्यांना बोटांचे ठसे घ्यायचा सराव करायचा होता. दोन्ही गाड्यांच्या सीटवर त्यांनी टाल्कम पावडरचा अख्खा डबा उडवला होता. पांढरी झालेली कव्हरं गुपचूप घरी नेली, बायकोकडून धुवून घेतली, आणि पहाटे कोणी नसताना स्वतःच्या हाताने चढवली. हे फक्त बायकोला माहीत होतं, आणि कोणती कव्हरं कोणत्या गाडीत गेली ते तिलाही माहीत नव्हतं.

गप्प राहणं अगदी सोपं होतं. तीन संशयित तर आत्ताच सुचले होते. तेलवाला, तो फुटपाथवरचा आणि हवं तर काकूसुद्धा. समोर मेव्हणा हातात पाना घेऊन उभा होता.

"मी," बारकावे म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा म्हणावं लागलं. "मीच बदलली. चुकून. ठसे घेत होतो."

"कसले ठसे?" मॅडमनी विचारलं.

"कसलेच नाही."

काकू तेवढ्या म्हणाल्या, "मग मला आता खरी निळी मिळेल का?"

मेकॅनिक मात्र गाडीचं बॉनेट उघडून वाकला होता. मोजपट्टी ओढली, बोटांत तेल चोळलं, आणि मान हलवून म्हणाला, "मॅडम, चांगलं राहिलंय हो. म्हणजे मी चुकलो. सिंथेटिकच घाला दोन्हींत."

ज्या शोधाने त्याची नोकरी वाचली, त्यानेच त्याला खोटं पाडलं, आणि हे त्याने फडक्याला हात पुसत, हवापाण्यावर बोलावं तसं सांगून टाकलं. "मी चुकलो." नऊ पानांत बारकाव्यांना हे दोन शब्द कुठे सापडले नव्हते.

"तुम्ही जायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "माझंही चुकलं."

"मला चोर ठरवलं ते चौदा जणांसमोर," मेकॅनिक म्हणाला. आवाज चढला नाही. "आत्ताचं फक्त चौघांनी ऐकलंय."

बारकाव्यांना कळलं. शनिवारचा वर्ग भरलेलाच होता. ते मॅडमकडून अहवाल मागून घेऊन आत गेले, तो उघडला आणि नऊच्या नऊ पानं पुन्हा वाचली. फुटपाथ, जीभ, डबा, सगळं. शेवटची ओळ खोडून मोठ्याने म्हणाले, "मेकॅनिक निर्दोष. कव्हरं मी बदलली. नंबरप्लेट मी बघितली नाही. आणि मेव्हण्यावर आळ घेताना मला मजा आली."

पहिल्या बाकावरच्या मुलीने वही उघडली.

"सर, हे परीक्षेत येतं का?"

"येतं," बारकावे म्हणाले. "मी आत्ताच नापास झालोय."

भिंतीपलीकडे गॅरेजात लोखंडावर लोखंड टेकल्याचा आवाज झाला. थोड्या वेळाने दुसरा. पाने एकेक करून खिळ्यावर परत चढत होते, की पेटीत पडत होते? बारकावे कान देऊन ऐकू लागले, पण या वेळी त्यांनी तर्क केला नाही. अहवाल खाली ठेवला आणि स्वतः जाऊन बघायला निघाले.