मुठीवाचूनचा साचा

भंगारवाला दुपारी चारला येणार होता. त्याआधी मोठ्या बाईंना सिद्ध करायचं होतं की जुन्या साच्याची मेणबत्ती ती जुन्या साच्याचीच. मालकांनी आणि बाईंनी मिळून कारखाना उभा केला तो त्याच साच्यावर. मालक गेले, साचा राहिला; आता मुलाला तोही नको होता. बाई मात्र रोज सकाळी जुन्या साच्याची पेटी उघडून म्हणत, "याला म्हणतात मेणबत्ती."

"नव्या मशीनचीही तश्शीच जळते, आई. साचा उगाच जागा अडवून बसलाय."

"जागा तर मीही अडवते. मलाही घाल भंगारात."

शेवटी सूनबाई मध्ये पडली. ती कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. तिने कारागिराकडून जुन्या साच्याच्या आणि नव्या मशीनच्या अशा दोन्ही पेट्यांतल्या तीस-तीस मेणबत्त्या मागवल्या, सकाळी एकदम पेटवल्या आणि कुठली कधी विझते ते वहीत टिपत बसली.

"सरासरी काढ की झालं," मुलगा म्हणाला.

"नुसत्या सरासरीनं भागत नाही. लवकर विझणाऱ्या किती, रेंगाळणाऱ्या किती, दोन्हीकडची अख्खी रांग ताडून बघायची."

बाईंना सून पहिल्यांदाच शहाणी वाटली. तोंडावर दिसू नये म्हणून त्या खिडकीची कडी बघायला उठल्या.

साडेतीनला सुनेनं वही मिटली. "आई, फरक काही दिसत नाही. दोन्ही एकाच घरच्या म्हणाव्यात अशा."

"दिसत नाही म्हणजे नाहीच का? माझा चष्मा मला रोज दिसत नाही. असतो घरातच."

"तेही खरंच. पण इतक्या जुळतील असं मलाही वाटलं नव्हतं."

दाराशी कारागीर मघापासून चुळबुळत होता. "बाई, ओरडणार नसाल तर सांगतो."

"तू आधी सांग. ओरडायचं माझं मी बघते."

"साच्याची मूठ महिन्यापूर्वीच तुटली. तुम्हाला सांगायची छाती होईना. तेव्हापासून दोन्ही पेट्या नव्या मशीनवरच भरतोय."

मुलगा हसत सुटला. "म्हणजे आई, महिनाभर तू रोज सकाळी..."

बाईंनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "सूनबाई, जुन्या साच्याची एक तरी मेणबत्ती आज जळली का?"

"नाही."

"मग परीक्षा झाली कुणाची?"

सुनेनं वहीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "नव्या मशीनची. नव्या मशीनशीच."

"म्हणजे ज्याची साक्षच झाली नाही, त्याला शिक्षा."

"नाही देता येणार," सून हळूच म्हणाली. मुलाचं हसू ओठावरच वाळलं.

तेवढ्यात फाटकाशी भंगाराची गाडी येऊन थांबली. बाई पदर सावरत बाहेर गेल्या, भंगारवाल्याला तांब्याभर पाणी दिलं आणि त्याचं पिऊन होईतो गाडीतला माल निरखत उभ्या राहिल्या.

"का रे बाबा," त्या म्हणाल्या, "यात एखादी मूठ निघेल का?"